एकोणनव्वद पौंडांचा अ‍ॅम्प्लिफायर

१९९८ सालच्या फेब्रुवारीत विनेबागो तळ्यावरचा बर्फ दीड फूट जाड होता. लोक त्यावरून ट्रक नेत होते, नेला तसा परतही आणत होते, आणि नॉर्बर्ट थीसेन मात्र आपल्याच घराच्या तळघरात उतरायला घाबरत होता.

तसा तो जन्माचाच भित्रा. गावच्या पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी त्याने एकतीस वर्षं केली, आणि त्या काळात गावातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव, वय आणि स्वभाव पाठ केला. लोकांना वाटायचं, केवढं प्रेम याला मुक्या जनावरांचं. प्रेम कसलं, तो बंदोबस्त होता. हिरव्या दिव्याला तो गाडी हळू करायचा, कारण तो कधी लाल होईल याचा नेम नाही. चर्चमध्ये तो दाराजवळच्या बाकावर बसायचा, कारण छत जुनं होतं. अशा माणसाच्या घरात चारशे व्होल्टची वस्तू बत्तीस वर्षं नांदत होती, हे त्यालाच माहीत नव्हतं. ते कळलं त्या दिवसापासून त्याची झोप गेली. पण ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनहून आलेल्या पत्राने. पत्र डेलमार क्लुगचं होतं. डेलमार आणि नॉर्बर्ट तरुणपणी एकाच बँडमध्ये गिटार वाजवायचे. शनिवार-शनिवार तळ्याकाठच्या नाचघरांत त्यांचे कार्यक्रम होत. डेलमार पुढे उभा राहून वाजवायचा आणि नॉर्बर्ट मागे उभा राहून डेलमारला साथ द्यायचा. मागे दार असे, ते त्याला बरं पडे. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना अजून आठवतं, डेलमारने पहिली तार छेडली की लाकडी जमीन बुटांखाली थरथरायची. ती करामत होती त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची. तपकिरी कातडी कापडाने मढवलेली, लहानशा कपाटाएवढी पेटी, आत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापायला अर्धं मिनिट लागे, आणि तेवढा वेळ सगळं नाचघर श्वास धरून थांबे.

१९६६च्या उन्हाळ्यात डेलमारला सैन्याचं बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने पेटी नॉर्बर्टच्या ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाला, "सांभाळ. आणि वाजवत राहा. पडून राहिला की मरतो हा."

डेलमार परत आला, पण छाती अधू घेऊन आला. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली म्हणून तो अ‍ॅरिझोनात जाऊन राहिला. पेटी इथेच राहिली. दर नाताळला त्याचं कार्ड येई. खाली एकच ओळ असे, "तो कसा आहे?" आणि नॉर्बर्ट दर नाताळला उत्तर लिही, "नव्यासारखा. दर रविवारी लावतो."

खरी गोष्ट अशी होती, की १९७४च्या एका रविवारी पेटीतून 'फट्' असा आवाज आला होता, जळका वास आला होता आणि मागून सुतासारखा धूर निघाला होता. नॉर्बर्टने प्लग उपटला, पेटीवर गोधडी टाकली, गोधडीवर पत्त्यांचं टेबल ठेवलं, टेबलावर नाताळच्या दिव्यांचं खोकं आणि त्यावर बायकोच्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या. त्या धुरापासून हे पत्र येईपर्यंत पेटी कुणी लावलीच नव्हती. चोवीस नाताळ तो "नव्यासारखा" असं लिहीत होता.

आता डेलमारने लिहिलं होतं, "सात मार्चला धाकटीचं लग्न आहे. छातीबद्दल एक डॉक्टर एक सांगतो आणि दुसरा डॉक्टरही तेच सांगतो. लग्नातल्या नाचाला मला एक वॉल्ट्झ वाजवायचाय, त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर. पाठवशील ना?"

नॉर्बर्टने फोन करून "पाठवतो" म्हणून सांगितलं. नाही म्हणायला धाडस लागतं.

"आणि तो वाजला नाही तर?" अर्डिसने विचारलं. अर्डिस त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधून निवृत्त झालेली, तिला कशाची भीती म्हणून नव्हती.

"वाजला नाही तर मी मेलो," नॉर्बर्ट म्हणाला. "आणि वाजला आणि पेटला, तर ते सगळे मेले."

पाठवायचा तर आधी वजन हवं. पेटी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मावेना. ठेवली की काटाच झाकून जाई. मग नॉर्बर्टने तेच केलं जे आमच्याकडे पेटी, कुत्रा किंवा नाताळचं टर्की तोलताना सगळेच करतात. पेटी पोटाशी धरून तो स्वतः अनवाणी काट्यावर उभा राहिला. अर्डिस फरशीवर ओणवी होऊन आकडा वाचायला बसली.

"दोनशे सदुसष्ट," ती म्हणाली. "यातून तुझं वजा करायचं. तुझं किती?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

अर्डिसने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. आणि कागदावर लिहिलं, एकोणनव्वद.

इथे थोडं थांबून लायसन्सबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गाडीच्या लायसन्सवर डोळ्यांचा रंग, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. पण सरकार तुम्हाला तोलत नाही, नुसतं विचारतं. तुम्ही एकदा सांगता, बाई लिहून घेते, आणि पुढे प्रत्येक खेपेला "तेवढंच ना?" असं विचारून तेच पुढे ढकललं जातं. नॉर्बर्टने १९७१ साली एकशे अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं, आणि ते तेव्हा खरंही होतं. पुढे सत्तावीस वर्षं सॉसेज, चीज आणि शुक्रवारचे तळलेले मासे यांनी त्यांचं काम केलं. पण शिक्कामोर्तब झालेल्या कागदावर एकशे अठ्ठ्याहत्तर असताना त्यावर शंका घेणारा नॉर्बर्ट कोण?

आणि अर्डिस का बोलली नाही? कारण त्या घरात करार होता. १९७९ साली अर्डिसने गाडी मागे घेता घेता ती गॅरेजच्या बंद दारातून आरपार नेली होती. त्या संध्याकाळी काहीही लिहापढी न होता असं ठरलं, की नॉर्बर्टने तिच्या गाडी चालवण्याबद्दल बोलायचं नाही आणि तिने त्याच्या वजनाबद्दल. एकोणीस वर्षं दोघांनी शब्द पाळला होता. एका पेटीसाठी तो मोडणारी बाई ती नव्हे.

तर, एकोणनव्वद. नॉर्बर्ट पोस्टात गेला. खिडकीत बर्निस होल्झ होती, त्याच्याच वर्गातली.

"किती वजन म्हणालास?"

"एकोणनव्वद. वरचं खोकं वेगळं."

"सत्तरच्या वर पोस्ट घेत नाही."

"काही सवलत?"

"सवलत कसली, नॉर्ब? सत्तर म्हणजे सत्तर. दोन तुकडे कर आणि दोन पार्सलं आण."

"तो अ‍ॅम्प्लिफायर आहे, बर्निस, चीज नाही."

"मग चीज पाठव," बर्निस म्हणाली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

त्यानंतर नॉर्बर्टने भिंतीवरच्या फोनपाशी खुर्ची ओढली आणि दोन दिवस माल नेणाऱ्या कंपन्यांना फोन केले. एक म्हणाली, काचेचे भाग असतील तर विमा नाही. दुसरी म्हणाली, विमा आहे पण मूळ कारखान्याचं खोकं हवं. त्याने १९६१ सालचं खोकं कुठे मिळेल असं विचारलं, तेव्हा तिकडच्या मुलीने त्याला दहा मिनिटं संगीत ऐकवलं. तिसरी मोठ्या ट्रकवाली होती. ती दीडशे पौंडांच्या खाली मालच घेत नव्हती. म्हणजे पोस्टाला पेटी फार जड आणि ट्रकला फार हलकी. नॉर्बर्टला पहिल्यांदाच वाटलं, की जगात आपल्यासारखीच नेमकी मधे अडकलेली आणखी एक वस्तू आहे.

आणि मग शेजारचा क्लीटस पीटरमन सल्ला द्यायला आला.

क्लीटस कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन होता. गिरणी सुटली पण सल्ले सुटले नव्हते. त्याने तळघरात येऊन पेटीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधून, मयताला आल्यासारखी.

"हात लावलास का रे याला?"

"लावला म्हणजे, उचलून वर नेला, परत आणला."

"दोन्ही हातांनी?"

"एका हाताने कसा उचलू?"

क्लीटसने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बरा होऊन घरी आलेल्या माणसाकडे पाहतात. "नशीबवान आहेस. यात कपॅसिटर असतात, नॉर्ब. टाकीत पाणी साठतं तशी त्यात वीज साठते. चारशे व्होल्ट. प्लग काढला तरी आतच असते."

"प्लग काढून चोवीस वर्षं झाली."

"वाट बघतेय ती," क्लीटस म्हणाला. "शेबॉयगनला एकाने असाच मागचा फळा काढला. सोफ्याच्या पलीकडे सापडला."

"मेला?"

"मेला नाही. पण पुढे कधी सोफ्यावर बसला नाही."

मग क्लीटसने त्याला धंद्यातला नियम सांगितला. विजेच्या वस्तूजवळ जाताना एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात लावले तर वीज एका हातातून शिरते, काळजातून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते. एक हात खिशात असला की तिला तो रस्ता मिळत नाही.

त्या दिवसापासून नॉर्बर्टचा डावा हात खिशात गेला तो गेलाच. जेवताना खिशात, जिन्यावर खिशात. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले तेव्हा याने एकच हात छातीशी धरला. पाद्रीबुवांनी नंतर अर्डिसला बाजूला घेऊन विचारलं, "नॉर्बर्टला झटका वगैरे येऊन गेला का?"

"अजून नाही, फादर," अर्डिस म्हणाली. "त्याचीच वाट बघतोय."

क्लीटसचं म्हणणं पडलं, की पेटीतला स्पीकर काढून वेगळा पाठवावा. तो मागच्या चार स्क्रूंवर असतो, त्यात वीज नसते, नऊ-दहा पौंड तरी कमी होतील. मग व्हॉल्व्ह काढू, चाकं काढू, असं करत करत सत्तरच्या खाली आणू. काम क्लीटसने केलं, उजव्या हाताने. नॉर्बर्टने उजव्याच हाताने बॅटरी धरली. दोघांचे मिळून दोनच हात, त्यामुळे दहा मिनिटांच्या कामाला दुपार गेली. पुन्हा तोलायची वेळ आली तेव्हा नॉर्बर्ट अनवाणी यायला तयार होईना. त्याने मासेमारीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, जाड कोट घातला, भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. पेटी उचलायला दोन्ही हात लागणार होते. त्याने डोळे मिटून ती उचलली आणि काट्यावर चढला.

अर्डिस ओणवी झाली.

"दोनशे सदुसष्ट."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दोनशे सदुसष्ट."

म्हणजे पुन्हा एकोणनव्वद. स्पीकर जमिनीवर पडला होता आणि वजन औंसभरही उतरलं नव्हतं. तिघेही पेटीकडे पाहत राहिले. बुटांकडे कुणी पाहिलं नाही.

"मी तुला सांगतो काय आहे ते," क्लीटस हळूच म्हणाला. "वजन लोखंडाचं नाहीये. आत जे साठलंय ना, त्याचं आहे."

नॉर्बर्टने पेटी इतक्या हळू खाली ठेवली, की झोपलेल्या बाळालाही कुणी तसं ठेवत नाही. त्या रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपला, कारण झोपायची खोली बरोबर तळघराच्या त्या कोपऱ्यावर येत होती.

दुसऱ्या दिवशी स्पीकर पुन्हा जागेवर बसवला गेला. दिवस कमी उरले होते. आता एकच वाट होती. ऑशकॉशच्या स्टँडवरून लांब पल्ल्याच्या बसने पार्सल जाई, शंभर पौंडांपर्यंत. बस शिकागोला बदलायची, सेंट लुईसला बदलायची, पुढे आणखी दोनदा. नॉर्बर्टला सगळ्यात धास्ती शिकागोची. तिथे माणसांच्या बॅगा माणसांसमोर हरवतात, इथे तर पेटी एकटी जाणार.

त्यांनी व्हॉल्व्ह काढून अर्डिसने विणलेल्या लोकरी मोज्यांत एकेक करून ठेवले. पेटीला दोन गोधड्या गुंडाळल्या आणि सगळं जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून वर गलबताच्या नांगराला बांधतात तसला पट्टा आवळला. खोकं, गोधड्या आणि पट्टा अर्डिसने आधीच काट्यावर ठेवून पाहिले होते, अकरा पौंड.

"एकोणनव्वद आणि अकरा, शंभर," नॉर्बर्ट म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. बरोब्बर शंभर. वर एक औंस निघाला तर स्टँडवरून परत. पोस्टाच्या तिकिटाएवढंही जास्त वजन चालणार नव्हतं.

आणि असं असताना त्याने आणखी एक वजन त्यात टाकलं. निघायच्या सकाळी, अर्डिस आंघोळीला गेलेली पाहून, तो उठला, खोकं उघडलं, सगळ्यात मोठ्या व्हॉल्व्हच्या मोज्यात एक चिठ्ठी सरकवली आणि पट्टा पुन्हा आवळला. चिठ्ठीत लिहिलं होतं, "डेलमार, हा १९७४ पासून लावलेला नाही. धूर आला होता. मी घाबरलो. दर वर्षी खोटं लिहिलं. लावू नकोस, आधी कुणाला तरी दाखव. नॉर्ब." त्याचा हिशोब होता: व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय पेटी लागत नाही, आणि मोजा उघडल्याशिवाय व्हॉल्व्ह मिळत नाही. म्हणजे लग्नमंडप पेटणार नाही. फक्त तरुणपणापासूनची दोस्ती जाईल. तीही काही कमी नव्हती.

न्यायला गाडी क्लीटसची ठरली, कारण नॉर्बर्टच्या डिकीत खोकं मावेना. पण ते स्टर्जन माशांचे दिवस होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की वर्षातून थोडे दिवस आमच्या तळ्यावर बर्फाला दाराएवढं भोक पाडून, वर काळोखी खोपटी टाकून, लोक हातात भाला घेऊन पाण्यात बघत बसतात. दहा-दहा वर्षं बसतात. माणसाएवढा मासा एकदा खालून जातो. क्लीटस चौदा वर्षं बसला होता आणि त्याच्या खालून एक कार्प मासा आणि एक हातमोजा एवढंच गेलं होतं.

"गुरुवारी दुपारी बारा वाजता धक्क्यावर ये," क्लीटसने सांगितलं. "मी बर्फावरून येतो, तसेच ऑशकॉशला जाऊ. तीनची बस सहज मिळेल."

गुरुवारी बारा वाजता नॉर्बर्ट आणि अर्डिस खोकं घेऊन धक्क्यावर उभे होते. खोकं बर्फावरच्या घसरगाडीला बांधून ओढत आणलेलं. साडेबाराला क्लीटसचा ट्रक आला. क्लीटसचा चेहरा पांढरा पडला होता आणि ट्रकच्या मागे पाच फूट लांबीचा, करवतीसारख्या पाठीचा राखाडी मासा पडला होता.

"नॉर्ब," क्लीटस म्हणाला, "मला बोलायला सुचत नाहीये."

"बोलू नकोस, गाडी चालव. तीनची बस आहे."

"बस कुठली बस? मासा नोंदवल्याशिवाय मी हलू शकत नाही. कायदा आहे. आजच्या आज, नोंदणीच्या काट्यावर. नाही तर मासाही जातो आणि भालाही."

कायद्याचं नाव निघाल्यावर नॉर्बर्टने स्वतःच खोक्याची दोरी सोडली. खोकं माशाशेजारी चढवलं गेलं. माशाचं पाणी खोक्याकडे येऊ लागलं, तसा नॉर्बर्ट मागेच बसला, माशाला पाठ लावून, डावा हात खिशात घालून. पाणी आणि चारशे व्होल्ट. तो मनातल्या मनात सगळ्या कुत्र्यांची नावं म्हणत होता.

नोंदणीचं ठिकाण होतं तळ्याकाठच्या बारमध्ये. तुळईला लोखंडी आकडा आणि मोठा गोल काटा टांगलेला, खाली मत्स्यखात्याचा माणूस टेबल मांडून बसलेला, आणि भोवती बिअर घेतलेले चाळीसेक लोक, जे दिवसभर दुसऱ्यांचे मासे बघायला येतात. क्लीटसचा मासा टांगला. एकसष्ट पौंड. चौदा वर्षांनी क्लीटसचे डोळे भरून आले आणि चाळीस जणांनी त्याला पाठीत गुद्दे घातले.

नॉर्बर्ट पुढे झाला. "साहेब, माझं एक खोकं तोलून द्याल का? शंभरच्या वर गेलंय की नाही, एवढंच बघायचंय."

"त्यात मासा आहे का?"

"नाही."

"मग मला लिहावं लागणार नाही. टांगा."

दोघांनी उचलून पट्टा आकड्यात अडकवला. काटा हलला, थरथरला, थांबला.

"सहासष्ट," मत्स्यखात्याचा माणूस म्हणाला.

नॉर्बर्ट काट्याकडे पाहत राहिला. "साहेब, तुमचा काटा चुकलाय. ते शंभर आहे."

बारमधल्या चाळीस बिअर अर्ध्यावर थांबल्या. स्टर्जनच्या दिवसांत नोंदणीचा काटा चुकलाय म्हणणं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून फादर दारू प्यालेत म्हणण्यासारखं.

"हे राज्याचं सील दिसतंय का?" तो माणूस म्हणाला. "जानेवारीत तपासलाय."

"काटा चुकला असेल तर माझा मासा किती झाला?" क्लीटस घाबरून म्हणाला. "चौतीस खाली दाखवतोय? म्हणजे माझा पंच्याण्णव?"

"किंवा तुझा सत्तावीस," मागून कुणीतरी म्हणालं, आणि क्लीटस खुर्चीत बसला.

आता तो काटा सगळ्यांच्या इभ्रतीचा झाला. मत्स्यखात्याचा माणूस उठला. "साधी गोष्ट आहे. ज्याचं वजन नक्की माहीत आहे असं काहीतरी टांगू. तुमचं वजन किती?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर," नॉर्बर्ट म्हणाला आणि उजव्या हाताने लायसन्स काढून दाखवलं.

त्या माणसाने लायसन्स वाचलं. मग नॉर्बर्टला पायापासून डोक्यापर्यंत वाचलं. "बूट आणि कोट काढा," तो म्हणाला. "आणि तो हात खिशातून."

मोठे मासे टांगायची कॅनव्हासची झोळी आणली. नॉर्बर्ट तिच्यात बसला, मोजे घातलेले पाय हवेत, दोन्ही हातांनी दोऱ्या धरून. आकड्यावर चढताना त्याची एकच विनवणी होती, की तुळई तपासली आहे ना.

"दोनशे बारा," मत्स्यखात्याचा माणूस स्वच्छ आवाजात म्हणाला. आणि सवयीने विचारलं, "नर की मादी?"

कुणी हसलं नाही. आमची माणसं अशी आहेत. दुसऱ्याचं वजन जाहीर झालं की सगळे आपापल्या बिअरमध्ये बघतात. नॉर्बर्ट झोळीत हळूहळू गोल फिरत होता. फिरता फिरता त्याचं तोंड अर्डिसकडे आलं. ती कोपऱ्यात तळलेल्या माशांची बशी घेऊन बसली होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुझ्या पँटी कोण आणतं?" अर्डिस म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू गॅरेजबद्दल बोलला असतास."

तो गोल फिरून पाठमोरा झाला, आणि पुन्हा समोर आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "सहासष्ट," तो म्हणाला. "अर्डिस, सहासष्ट. पोस्टाला सत्तर चालतं. मला खाली उतरवा."

पोस्ट पाचला बंद होई. ते पावणेपाचला पोहोचले, क्लीटस माशासकट. बर्निसने खोकं काट्यावर घेतलं.

"सहासष्ट. तू तर एकोणनव्वद सांगत होतास."

"काही माझं होतं त्यात," नॉर्बर्ट म्हणाला.

बर्निसने काही विचारलं नाही. तासाभरापूर्वीच बारमधून तिला फोन आला होता. "आत धोक्याचं काही?"

खोटं लिहिण्याची नॉर्बर्टची सगळी शिल्लक संपली होती. "चारशे व्होल्ट. क्लीटस म्हणतो."

बर्निसने क्लीटसकडे पाहिलं. "हा गेली दहा वर्षं मला सांगतोय, की माझ्या तिकिटांच्या डिंकात शिसं आहे," ती म्हणाली, आणि शिक्का मारला.

पार्सल पोहोचलं बुधवारी. हे नॉर्बर्टला पावतीवरून कळलं, डेलमारकडून नाही. बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी नॉर्बर्टने जेवण टाकलं, जे त्याने धुराच्या दिवशीही टाकलं नव्हतं. चिठ्ठी वाचली असेल तर डेलमार फोन करणार नाही. चिठ्ठी वाचली नसेल तर अग्निशमन दल करेल. शनिवारी, लग्नाच्या दिवशी, तो दुपारपासून भिंतीवरच्या फोनखाली खुर्ची टाकून बसला. अर्डिसने त्याच्या मांडीवर ताट ठेवलं आणि उचलून नेलं.

पाचच्या सुमारास फोन वाजला.

"फ्यूज," डेलमारचा आवाज आला. धाप लागल्यासारखा, पण त्याचाच. "फ्यूज उडाला होता, नॉर्ब. दोन-तीन कपॅसिटर सुकले होते, ते इथल्या दुरुस्तीवाल्या बाईने बदलले. बाकी सगळं ठीक. चोवीस वर्षं एका फ्यूजसाठी."

"तू चिठ्ठी वाचलीस."

"मोज्यातली? वाचली."

"डेलमार, मी..."

"मला माहीत होतं रे."

नॉर्बर्टने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"व्हॉल्व्ह झिजतात, नॉर्ब. दर रविवारी वाजवणाऱ्याला इतक्या वर्षांत एकदा तरी नवे लागतात. तू एकदाही विचारलं नाहीस कुठे मिळतात म्हणून."

"मग तू दर वर्षी का विचारायचास?"

"तू लिहायचास ना, नव्यासारखा आहे म्हणून. वाचायला बरं वाटायचं. आता गप्प बस आणि अर्डिसला बोलाव. मी फोन पेटीसमोर ठेवतोय."

अर्डिस आली. दोघांनी एका फोनला दोन बाजूंनी कान लावले. आधी खुर्च्यांचा आवाज, मग कुणीतरी हसलं. मग ती अर्ध्या मिनिटाची शांतता, जिच्यात व्हॉल्व्ह तापतात. नॉर्बर्टने डोळे घट्ट मिटले होते. मग बारीकशी गुणगुण सुरू झाली, आणि तिच्यातून पहिली तार.

वॉल्ट्झ पूर्ण वाजेपर्यंत दोघं तसेच उभे होते. मध्ये कधीतरी नॉर्बर्टचा डावा हात खिशातून निघून अर्डिसच्या पाठीवर आला, आणि ते स्वयंपाकघरात फोनची तार पुरेल तेवढंच नाचले.

क्लीटसने तो मासा पेंढा भरून सोफ्यावर टांगला आणि पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, आल्यागेल्याला सांगितलं, की काटा चौतीस पौंड खाली दाखवत होता. बर्निस २००५ साली निवृत्त झाली. तिच्या निरोपसमारंभाला नॉर्बर्टने तिला चीज पाठवलं, पोस्टाने. अर्डिस आणि नॉर्बर्टमधला करार त्या बारमध्येच संपला होता. पोस्टातून घरी परतताना क्लीटस मागे माशाजवळ बसला आणि ट्रक अर्डिसने घेतला, तेव्हा नॉर्बर्ट एकोणीस वर्षांचं गॅरेजबद्दलचं सगळं एका दमात बोलला. ती ऐकत राहिली आणि गाडी अगदी सरळ चालवत राहिली.

डेलमार डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून आणखी चार वर्षं जगला. तो गेल्यावर त्याच्या मुलीने खोकं परत पाठवलं. पावतीवर सहासष्ट पौंड होते. आत त्याच गोधड्या, तेच मोजे, आणि सगळ्यात मोठ्या मोज्यात एक चिठ्ठी, "वाजवत राहा. खोटं बोलू नकोस, मी आता तपासणार नाही."

नॉर्बर्टने त्याच साली लायसन्सवर दोनशे बारा लिहून घेतलं. खिडकीतली बाई म्हणाली, वजन वाढवून मागणारा तिने पाहिलेला हा पहिलाच. मग काळजाचं ऑपरेशन झालं, पथ्यपाणी आलं, आणि आता म्हातारपणी तो पुन्हा बरोबर एकशे अठ्ठ्याहत्तरवर आलाय. बदलून घेऊ का म्हणून त्याने अर्डिसला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, चौतीस पौंड जपून ठेव, कधी लागतील सांगता येत नाही.

पेटी आता वरच्या बैठकीच्या खोलीत असते. दर रविवारी चार वाजता नॉर्बर्ट तिच्याजवळ जातो. स्विच लावताना त्याचा डावा हात अजून खिशात असतो. अर्धं मिनिट तो तसाच उभा राहतो, दाराकडे तोंड करून. मग हात बाहेर काढतो, कारण एका हाताने गिटार वाजत नाही.